फीबीचं शिफारसपत्र: मराठी मंडळ्यांच्या धुरिणांना खुलं पत्र

मराठी धर्मप्रांतांचे बिशप, धर्मप्रांतीय कौन्सिलांचे व पास्टरेट कमिट्यांचे सभासद आणि सेमिनरींचे प्राचार्य यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पत्राचं निमित्त आधी सांगते. आमच्या मंडळीतली एक मुलगी यंदा बी.ए. झाली. गेली सहा वर्षं ती संडे स्कूल घेते. दवाखान्यात कुणी असलं की डबा घेऊन जाते आणि खाटेशी बसून स्तोत्र वाचते. तिला सेमिनरीत जाऊन बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, करायची आहे, पुढे पाळक व्हायचं आहे. प्रवेशाचा फॉर्म तिने स्वतः भरला. सगळे रकाने भरले, एक तेवढा रिकामा आहे. मंडळीचं आणि धर्मप्रांताचं शिफारसपत्र. कमिटीने तिला दोनदा सांगितलं, "पुढच्या मिटिंगला बघू." त्यातल्या दुसऱ्या मिटिंगला एका मुलाचं पत्र चहा यायच्या आत सही होऊन गेलं. तो मुलगा गुणी आहे, प्रभू त्याची सेवा फळाला आणो. मला विचारायचं आहे ते त्या दुसऱ्या, न लिहिलेल्या पत्राबद्दल.

ते पत्र का लिहिलं जात नाही, हे मला आतून माहीत आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात मीही अशाच एका कमिटीपुढे गेले होते. त्या मार्च महिन्यात इंग्लंडात ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये ३२ स्त्रियांना एकाच उपासनेत प्रीस्टची, म्हणजे पाळकाची, दीक्षा मिळाली होती. माझ्या वडिलांनी इंग्रजी पेपरातलं ते कात्रण जपून ठेवलं होतं आणि मिटिंगच्या दिवशी ते माझ्या बायबलात घालून दिलं होतं. मी पाऊण तास मिशन बंगल्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले. मनात रोमकरांस पत्राची उजळणी चालली होती, कारण शास्त्रावर विचारतील असं मला वाटत होतं. आत गेल्यावर तीनच प्रश्न झाले. लग्न कधी करणार? नवरा दुसऱ्या गावचा मिळाला तर धर्मप्रांताने तुझ्यावर खर्च का करायचा? तिसरा प्रश्न विचारताना ते गृहस्थ माझ्याकडे न बघता टेबलावरच्या काचेकडे बघत होते. "त्या दिवसांत" प्रभुभोजनाचा प्याला तू कसा देणार?

रक्तस्रावाने बारा वर्षं पीडित असलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्राच्या गोंड्याला हात लावला, तेव्हा तो विटाळला नाही, ती बरी झाली. हे मला आज सुचतं. तेव्हा घसा कोरडा पडला होता. शास्त्रावरचा प्रश्न आलाच नाही. निघताना एक वडील प्रेमाने म्हणाले, "बाळ, तुझ्यात काही कमी नाही. मंडळीची अजून तयारी नाही."

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून मला शिकवलं. वर्गात आम्ही तीन मुली होतो. ग्रीकमध्ये मी पहिली आले. १९९८ मध्ये पदवी घेऊन गावी परतले तेव्हा मला सांगण्यात आलं, "महिला मंडळ बघा, शिकलेलं माणूस तिथे हवंच आहे." दोन वर्षं वाट पाहून मी बी.एड. केलं आणि शाळेत लागले. आजही शाळेतच आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक प्रार्थना दिनाला, मी व्यासपीठावर उभी राहून उपदेश करते. उरलेलं वर्ष ते व्यासपीठ मला खालून दिसतं.

"मंडळीची तयारी नाही" हे वाक्य मी ३० वर्षं ऐकते आहे, आणि ते खरं नाही हे मी २००६ च्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. आमच्या पाळक साहेबांकडे तेव्हा सात गावं होती आणि एक मोटारसायकल. ओढ्यापलीकडच्या वाडीत एक म्हातारी बाई प्रभूत निजली. सकाळपासून माती ठेवलेली, ओढ्याला पाणी आलेलं, पाळक साहेब पलीकडच्या काठावर अडकलेले. मी सांत्वनाला म्हणून आदल्या रात्रीच तिथे गेले होते. दुपार उलटली तसा त्या बाईंचा थोरला मुलगा माझ्याजवळ आला. "बाई, तुम्ही पाळकाचंच शिकलाय ना? मग तुम्हीच घ्या की." कुणी कमिटी बोलावली नाही, ठराव मांडला नाही. एका म्हाताऱ्याने उपासनेच्या पुस्तकावर छत्री धरली. मी योहानाचा अकरावा अध्याय वाचला. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे प्रभू बोलला ते मार्थेशी, एका बाईशी, भावाच्या कबरेच्या वाटेवर. वाचता वाचता ते मला पहिल्यांदा कळलं. मातीला माती म्हणताना चिखल बोटांना असा चिकटला की पुस्तकाच्या त्या पानावर डाग पडला. तो डाग अजून आहे.

तीन आठवड्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. तो मागणाऱ्यांत त्या वाडीतलं कुणी नव्हतं. वाडीने नंतर मला घरभरणीला, बारशाला, आजाऱ्याच्या प्रार्थनेला कितीदा बोलावलं, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. तयारी कुणाची नव्हती, हे आता तुम्हीच ठरवा.

गरज पडली की दार किलकिलं होतं आणि गरज सरली की लागतं, हे मोठ्या मंडळ्यांतही झालं आहे. दुसऱ्या महायुद्धात मकावमध्ये चिनी निर्वासितांची गर्दी झाली होती. प्रभुभोजन द्यायला तिथे कुणी प्रीस्ट पोहोचू शकत नव्हता. फ्लॉरेन्स ली टिम-ओई ही डीकन, म्हणजे प्रीस्टच्या खालच्या पायरीवरची सेविका, तिथली मंडळी सांभाळत होती. २५ जानेवारी १९४४ रोजी हाँगकाँगचे बिशप हॉल यांनी तिला प्रीस्टची दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेतली ती पहिली स्त्री प्रीस्ट. युद्ध संपलं आणि वरून नाराजी आली. तिने १९४६ मध्ये प्रीस्ट म्हणून काम करण्याचा परवाना सोडून दिला, आपल्या बिशपवर संकट येऊ नये म्हणून. लोक उपाशी होते तोवर तिच्या हातची भाकर चालली. त्या चिखलाच्या पानाकडे बघताना मला दर वेळी ती आठवते.

आता आपल्या घरचं बोलू. पंडिता रमाबाईंची तसबीर आपल्या किती हॉलमध्ये आहे! ५ एप्रिलला, त्यांच्या स्मृतिदिनी, आपण हार घालतो आणि मुलांना गोष्ट सांगतो. ती गोष्ट पुरी सांगतो का? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना संस्कृत शिकवावं असा विचार निघाला. त्याला हरकत घेतली ती बिशप मंडळींनी. हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांचं मत असं पडलं की स्त्रीने पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिचं वजन राहणार नाही. रमाबाईंनी उलट लिहिलं त्याचा आशय असा: माझ्या वडिलांनी आणि माझ्या नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, आणि इंग्रज माणसं घेतात याचं मला नवल वाटतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैदिक ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्र्यांचा रोष पत्करून रानात राहायला गेलेले. त्यांच्या घरात जे चाललं, ते मंडळीत चालेना.

त्याच रमाबाईंनी केडगावात म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक घोटलं आणि अवघं बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणलं. त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या विधवा आणि निराधार मुलींनी छापखाना चालवला. टाइप जुळवणं, मुद्रितं तपासणं, फर्मे मोडणं, बांधणी, सगळं बायकांच्या हातांनी. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. शास्त्र समजणं तर सोडाच, मूळ भाषेतून उचलून दुसऱ्याच्या पदरात घालण्याइतकी विद्वत्ता एका मराठी बाईने १०० वर्षांपूर्वी दाखवली. तिच्या लेकी-नातींना आज ग्रीक शिकायला पाठवायचं तर आपल्याला पुढची मिटिंग लागते.

एकट्या रमाबाईच होत्या असंही नाही. सुंदराबाई पवार यांनी पुण्यात बायकांना घरोघरी शुभवर्तमान सांगण्याचं शिक्षण दिलं आणि इंग्लंडात जाऊन अफूच्या व्यापाराविरुद्ध सभा गाजवल्या. अहमदनगरला १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार यांचं काम पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हे तर शाळेतली पोरंही वाचतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत त्या बायबलबाया! डोक्यावर पदर, काखेत पिशवी, पिशवीत मत्तयाचं शुभवर्तमान, उन्हातान्हात वाड्यावस्त्या पायी. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांत प्रभूचं नाव पहिल्यांदा गेलं ते अशा बाईच्या तोंडून. माझी पणजी ज्या बाईचं ऐकून विश्वासात आली तिचं नाव घरात कुणाला सांगता येत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबाचं नाव मात्र रजिस्टरात आहे.

आता शास्त्राकडे येते, कारण कमिटीत शेवटी कुणीतरी तीमथ्याला पहिलं पत्र काढतंच. दुसऱ्या अध्यायाचं बारावं वचन, स्त्रीने शिकवू नये. मी ते वचन टाळणार नाही. फक्त त्याच्या आधीचं अकरावं वचनही मोठ्याने वाचावं, एवढी विनंती आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि ते आहे "शिकावे". स्त्रीने शिकावं, ही पौलाची आज्ञा. ज्या काळात बाईला गुरूसमोर बसायची सोय नव्हती त्या काळातली. बारावं वचन तीमथ्य होता त्या इफिसच्या मंडळीपुरतं की सर्वकाळासाठी, यावर अभ्यासकांत वाद आहेत. कारण हाच पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, स्त्रिया सभेत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे धरूनच चालतो आणि डोकं झाकण्याबद्दल बोलतो. "शिकावे" याबद्दल मात्र वाद घालायला जागा नाही. मग शिकायला पाठवण्याचं पत्र अडवून आपण बारावं वचन पाळतो की अकरावं मोडतो?

मार्थेची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत होती. आपण ते शांत, भाविक बाईचं चित्र म्हणून रंगवतो. पण प्रेषितांच्या कृत्यांत पौल म्हणतो, मी गमलियेलाच्या पायाशी बसून शिकलो. पायाशी बसणं म्हणजे शिष्य होणं, आपल्या मराठीतही तेच. मरीया विद्यार्थिनी होती, आणि तिला स्वयंपाकघरात परत पाठवा म्हटल्यावर प्रभूने नकार दिला.

आणि ज्या पत्राची मी त्या बाकावर उजळणी करत होते, त्याचा सोळावा अध्याय. उपदेशाला तो कुणी घेत नाही, नुसती नावंच नावं म्हणून पान उलटलं जातं. तो उघडतो तोच एका शिफारशीने. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, आपली बहीण, हिची मी तुम्हाला शिफारस करतो, तिला लागेल ते साहाय्य करा, असं पौल लिहितो. आपण जिथे "सेविका" वाचतो तिथे मूळ शब्द "डायाकोनोस" आहे, जो पौल स्वतःसाठीही वापरतो. रोमकरांस पत्र रोमला घेऊन गेली ती हीच फीबी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. खाली नावं मोजा. प्रिस्का, मरीया, यूनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, फीबीसकट एकूण १० स्त्रिया. त्यातल्या चौघींनी प्रभूमध्ये श्रम केले असं तो म्हणतो, आणि हेच क्रियापद तो आपल्या स्वतःच्या सेवेला लावतो. पौलाला कमिटीचं मत घ्यावं लागलं का, ते मला ठाऊक नाही. शिफारसपत्र मात्र त्याने लिहिलं.

तुम्ही म्हणाल, दारं तर केव्हाच उघडली. खरं आहे. दक्षिण भारत मंडळीने १९७६ मध्ये पहिल्या स्त्रीला प्रेस्बिटरची (पाळकाची) दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. आपल्या उत्तर भारत मंडळीतही २०२४ मध्ये व्हायोलेट नायक ओडिशातल्या फुलबनी धर्मप्रांताच्या बिशप झाल्या. २००८ च्या हिंसाचारात कंधमाळच्या ज्या मातीत ख्रिस्ती घरं जळाली, त्या मातीत आज मेंढपाळाची काठी बाईच्या हाती आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं, त्या आधी नर्स होत्या. या बातम्या आपण व्हॉट्सअॅपवर हल्लेलूया लिहून पुढे पाठवल्या. पण फुलबनीची बातमी आपल्या तालुक्याच्या कमिटीच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. घटनेत दार उघडं आहे आणि किल्ली पास्टरेटच्या सेक्रेटरींच्या खिशात आहे. शिफारसपत्र नाही तर स्पॉन्सरशिप नाही. स्पॉन्सरशिप नाही तर शिकून आली तरी नेमणूक नाही. नेमणूक नाही तर प्रोबेशन नाही, आणि प्रोबेशनशिवाय दीक्षा नाही. कुणी "नाही" म्हणत नाही. "पुढच्या मिटिंगला" एवढंच म्हणतात, आणि मुलीचं वय वाढतं.

म्हणून मागणी सरळ आहे. मुलगा असो वा मुलगी, शिफारसपत्राच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कारण लिहा. "मंडळीची तयारी नाही" हे कारण असेल तर मंडळीला विचारल्याचा पुरावा जोडा. मुलाखतीत लग्नाचा प्रश्न मुलाला विचारत नसाल तर मुलीलाही विचारू नका.

दुसरं, माझ्यासारख्या शिकून बसलेल्या किती आहेत त्याची प्रत्येक धर्मप्रांताने एक यादी करावी. कुणी वसतिगृहाच्या वॉर्डन आहेत, कुणी बालवाडीत, कुणी संस्थांच्या कार्यालयात, कुणी घरात. बी.डी., बी.टी.एच. झालेल्या या बायका तुम्ही एका रविवारच्या अनाउन्समेंटमध्ये शोधू शकता. एकेका पाळकाकडे चार-पाच गावं असताना शिकलेले हात रिकामे ठेवणं परवडतं कसं?

पाळकीणबाईंबद्दल, म्हणजे पाळकांच्या पत्नींबद्दल, दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. महिला मंडळ, संडे स्कूल, पाहुणे, नाताळची गाणी, रुसलेल्या कुटुंबांची समजूत, सगळं त्यांच्याकडे आणि पगार शून्य. नवरा गेला तर ठरावीक दिवसांत पाळकगृह रिकामं करायचं. एका पगारात दोन माणसं मिळतात हे जोवर आपल्या हिशेबात बसलेलं आहे, तोवर स्त्रीच्या सेवेला स्वतंत्र नेमणूक द्यावीशी वाटणार नाही. दोघंही शिकलेले असतील तर दोघांनाही नेमा, आणि बदली करताना एकाच भागात करा. शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नीचा विचार होतो, मंडळीला तेवढं जमायला हरकत नाही.

प्राचार्यांना माझं सांगणं वेगळं आहे. धर्मप्रांताचं पत्र आलं नाही म्हणून फॉर्म बाजूला ठेवू नका. मुलीला बोलवा, परीक्षा घ्या आणि धर्मप्रांताला तुम्ही लिहा. मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या वर्षी इंग्रजीच्या धसक्याने गळतात. त्यांना सहा महिने हात द्या आणि चांगली पुस्तकं मराठीत आणा, रमाबाईंनी वाट दाखवलेलीच आहे. स्त्री प्राध्यापक नेमता तेव्हा त्यांना फक्त स्त्री-अभ्यासाचा पेपर देऊ नका, हिब्रूही द्या. आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेमिनरीला आणि धर्मप्रांताच्या कार्यालयालाही लागू आहे. अंतर्गत समिती कागदावर नको. तिच्या सभासदांची नावं फलकावर लावा, मुलींना ती वाचता आली पाहिजेत.

आमच्या कमिटीची मिटिंग येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर आहे. ती मुलगी बाहेर बाकावर बसलेली असेल, मीही तिच्याबरोबर असेन. यंदा फॉर्मची मुदत त्यानंतर आठ दिवसांनी संपते. तिला आत बोलवाल तेव्हा रोमकरांस पत्रावर विचारा. तिची तयारी झाली आहे, मी घेतली आहे.

आपली प्रभूमधील बहीण,
मंडळीची एक सभासद
अहिल्यानगर जिल्हा